आकृती काढून गणित सोडवणारी मुलगी: ही सवय मोडायची की वाढवायची?

प्रश्न: शिवणवाली, भांडुप

नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. गणिताला ती घाबरत नाही, पण कुठलंही उदाहरण समोर आलं की तिचा हात आधी आकृतीकडे जातो. २३ गुणिले १४ दिलं तर आयत काढते, लांबीचे २० आणि ३ असे भाग पाडते, रुंदीचे १० आणि ४, मग चार खणांत २००, ३०, ८०, १२ लिहून ३२२ सांगते. उभी मांडणी तिला येते, पण मन तिकडे जात नाही.

परवाच्या घटक चाचणीत (क्ष + ५)च्या वर्गाचा विस्तार करायचा होता. तिनं चौरस काढला, दोन्ही बाजूंना क्ष आणि ५ अशा खुणा केल्या, चार खणांत क्षेत्रफळं लिहिली आणि खाली उत्तर: क्ष वर्ग + १०क्ष + २५. उत्तर बरोबर, गुण तीनपैकी एक. शेजारी लाल शाईत ‘सूत्र लिहा, चित्रे नकोत.’ बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, चित्रं चौथीपर्यंत ठीक, आठवीत आधार सोडायचे असतात, नाहीतर दहावीला दोन तासांत पेपर पुरा होत नाही. बाई कळकळीनं शिकवतात, म्हणूनच त्यांचं म्हणणं मला सहज बाजूला सारता येत नाही.

मी बारावीनंतर शिकले नाही. घरी ब्लाउज-ड्रेस शिवते. कटिंगला छाती भागिले चार रोज करते, पण वर्गाचं सूत्र विचाराल तर सांगता येणार नाही. क्लासची चौकशी केली, तिथं पहिल्याच दिवशी सूत्रांचा तक्ता हातात देतात. तर ही सवय मोडू का? आणि दुसरं असं की अपूर्णांकांत तिची आकृती तिलाच फसवते. दोन तृतीयांश मोठा की तीन पंचमांश, असं आलं की दोन गोल काढते आणि दोन्हींत रंगवलेला भाग जवळपास सारखाच दिसतो. तिथं काय करू?

उत्तर: परळचे मास्तर

ताई, मोडू नका. मी परळ-लालबागच्या बाजूला महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे, संध्याकाळी चाळीतली पोरं गॅलरीत घेऊन बसतो. तुमच्या मुलीनं पेपरात जे लिहिलं ते गणितच आहे. त्या चौरसात नेमकं काय आहे ते आधी तुम्ही हातानं करून बघा, म्हणजे बाईंशी बोलताना तुमची बाजू पक्की राहील.

जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घ्या आणि दहा सेंटिमीटरचा चौरस कापा. वरच्या कडेला सातावर खूण, डाव्या कडेला वरून सातावर खूण, आणि तिथून एक उभी, एक आडवी रेघ. रेघांवर कापलंत की चार तुकडे: सात बाय सातचा मोठा चौरस, तीन बाय तीनचा छोटा, आणि सात बाय तीनच्या दोन पट्ट्या. ४९, ९, २१, २१. बेरीज शंभर. आता (अ + ब)चा वर्ग म्हणजे अ वर्ग + ब वर्ग असं लिहिणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. लाल शाईनं कितीही दुरुस्त करा, पुढच्या पेपरात पुन्हा तेच. अशा पोराच्या हातात मी हे तुकडे देतो आणि सांगतो, मूळचा चौरस पुन्हा जुळव, पण फक्त तुझ्या उत्तरातले तुकडे वापर. तो सातचा चौरस ठेवतो, कोपऱ्याला कोपरा लावून तीनचा ठेवतो, आणि थांबतो. टेबलावर दोन मोकळ्या जागा आणि हातात दोन पट्ट्या. मी काही बोलत नाही. पट्ट्या जागेवर बसवल्यावर ‘हे दोन वेळा येतंय’ असं तोच म्हणतो. २अब मधला दोन त्याला तिथं सापडतो, आणि जे स्वतः जागेवर बसवलं ते पेपरात विसरत नाही.

या आकृतीला कुणी बालवर्गातली समजू नये. युक्लिडनं इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हे सगळं रेघा आणि चौरस यांच्याच भाषेत सिद्ध केलं. अक्षरं वापरून समीकरण लिहायची पद्धत तेव्हा नव्हतीच. अक्षरं फार नंतर आली. शाळेत आपण क्रम उलटा लावतो: अक्षरं आधी, आकृती जमलं तर. तुमच्या बाईंना बालभारतीचं सातवीचं पुस्तक दाखवा. वर्गविस्ताराच्या धड्यात हाच चार खणांचा चौरस छापलेला आहे. जी आकृती पुस्तक शिकवतं तिला उत्तरपत्रिकेत जागा असायला हवी.

मात्र बाईंच्या म्हणण्यात एक तथ्य आहे. आकृतीवरून अक्षरांकडे जाता येतं, पण अक्षरांवरून आकृतीकडे परत येता येतं का? तुमच्या मुलीची खरी परीक्षा मी तिथं घेईन. तिला सांगा: क्ष वर्ग + ७क्ष + १२ हे तुझे तुकडे, यांचा एकच आयत कर. पुठ्ठ्याचा एक मोठा चौरस कापा, त्याच्याच लांबीच्या, एक सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या, आणि एक बाय एकच्या बारा टिकल्या. मोठ्या चौरसाची बाजू मुद्दाम पूर्ण सेंटिमीटरात घेऊ नका, साडेसात-आठच्या मध्ये कुठंतरी ठेवा, म्हणजे क्ष मोजून काढायचा मोह होत नाही. चौरसाच्या उजवीकडे काही पट्ट्या उभ्या, खाली काही आडव्या, आणि कोपऱ्यातली जागा टिकल्यांनी भरायची. मुलं पहिल्यांदा बारा टिकल्या सहा बाय दोन लावतात. मग उजवीकडे सहा आणि खाली दोन अशा आठ पट्ट्या लागतात, आहेत सात. बारा बाय एक केलं तर तेरा लागतात. चार बाय तीनला बरोबर सात. आयत पुरा होतो, त्याच्या बाजू क्ष + ४ आणि क्ष + ३.

वर्गत्रिपदीचे अवयव म्हणजे हेच. ‘गुणाकार बारा, बेरीज सात अशा दोन संख्या शोधा’ हे वाक्य आठवीची मुलं मंत्रासारखं म्हणतात. गुणाकार का आणि बेरीज का, हे विचारलं तर गप्प. इथं गुणाकार म्हणजे कोपऱ्यातल्या टिकल्यांचा आयत आणि बेरीज म्हणजे पट्ट्यांची संख्या, दोन्ही समोर टेबलावर. असं काही वेळा झालं की मुलं पुठ्ठा आपणहून बाजूला ठेवतात, कारण मनातल्या मनात लावणं जास्त जलद होतं. बाई म्हणतात तो आधार असा सुटतो. तो काढून घ्यावा लागत नाही.

घनाचं एकदा जरूर करा. कपडे धुवायच्या साबणाची जाड वडी घ्या, सुरीनं घन कापा आणि तिन्ही दिशांनी एकेक काप द्या, तिन्ही काप कडेपासून सारख्याच अंतरावर. आठ तुकडे पडतात: एक मोठा घन, एक छोटा, तीन चपट्या वड्या, तीन लांब कांड्या. (अ + ब)च्या घनाच्या विस्तारात ३ × अ वर्ग × ब आणि ३ × अ × ब वर्ग येतात, त्यातले दोन्ही तीन मोजून घ्या. साबण वाया जात नाही, तुकडे धुण्याला होतात.

आता अपूर्णांक. गोल टाकून द्या. हातानं काढलेल्या गोलाचे तीन किंवा पाच सारखे भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही, मग तुलना कसली करणार? चौकटीच्या वहीत तीन बाय पाच चौकटींचे दोन आयत शेजारी शेजारी काढायला लावा. पहिल्यात तीन ओळींपैकी दोन ओळी रंगवायच्या, हा दोन तृतीयांश: दहा चौकटी. दुसऱ्यात पाच रकान्यांपैकी तीन रंगवायचे, हा तीन पंचमांश: नऊ चौकटी. पंधरापैकी दहा आणि पंधरापैकी नऊ. छेद समान करणं यालाच म्हणतात हे मग एका ओळीत सांगून होतं, आणि छेदांचा गुणाकार का करतो तेही दिसतं, कारण आयतच तीन गुणिले पाचचा होता. त्यानंतर शून्य ते एक हे अंतर पंधरा चौकटींचं धरून संख्यारेषा काढून दोन्ही बिंदू तिच्यावर दाखवायला सांगा. गोलात सात पंचमांश मावत नाही, रेषेवर तो एकच्या पुढं आपल्या जागी बसतो. अपूर्णांक ही संख्या आहे, तिला रेषेवर स्वतःची जागा आहे, हे ज्याला पाचवी-सहावीत कळलं त्याला पुढं अपरिमेय संख्येशी जुळवून घ्यायला अडचण येत नाही.

गुणांचं सोपं आहे. पहिली ओळ सूत्राची, दुसरी ओळ किमती घालून, तिसरी उत्तराची, आणि उजवीकडे छोटी आकृती. भूमितीच्या रचनेत आपण कच्ची आकृती मागतोच ना, तशीच ही.

आणि छाती भागिले चारबद्दल. पाठ आणि पुढा तुम्ही घडीवर कापता, म्हणून घेराचा चौथा भाग घेता. उघडल्यावर मुंढा दोन्ही बाजूंना कसा येईल हे कात्री लावायच्या आधी तुमच्या डोळ्यांपुढं असतं. मुलीला कटिंगच्या वेळी शेजारी बसवा, घडी उघडल्यावर कसा आकार दिसेल तो तिला आधी वहीत काढू द्या, आणि मगच घडी उघडा. हे तिनं कुठल्याही क्लासात मिळणार नाही इतक्या जवळून बघितलेलं आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

उत्तर: बीएड चेंबूर

सरांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून लिहिते. ‘हिला आकृत्या दिसतात, त्याला नाही दिसत’ असं जन्मजात मानण्याचं कारण नाही. २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अवकाशीय कौशल्यं, म्हणजे आकार आणि जागा मनात आणून फिरवण्याची हातोटी, सरावानं सुधारतात, आणि ती सुधारणा टिकते, असं निघालं. नेदरलँड्सच्या व्हॅन हीले पती-पत्नींनी १९५७ मध्ये भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या होत्या. त्यातली पहिली पायरी मला पाठ घेताना रोज भेटते: चौरस कोपऱ्यावर उभा केला की मुलं म्हणतात, आता हा चौरस नाही, पतंग आहे. बाजू आणि कोन मोजायला लावले की पुढची पायरी सुरू होते. त्यामुळे आकृती नुसती बघू देऊ नका. फिरवायला लावा, मोजायला लावा आणि तिच्याबद्दल बोलायला लावा.

उत्तर: कंट्रोलवाले काका

मी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात नोकरी केली, म्हणून एक उदाहरण देतो. आमचा चार्ट म्हणजे एक मोठा आलेख. आडवी वेळ, उभी स्टेशनं त्यांच्या अंतरानुसार, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी जलद. रेघ आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं दोन गाड्या एका वेळी एका जागी.

मुलीला हे करायला द्या. सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटर. हिशेबाला सोपं म्हणून स्लो गाडीला ६० मिनिटं धरा, फास्टला ४०, आणि फास्ट दहा मिनिटं उशिरा सुटली असं धरा. आलेख कागदावर दोन रेघा मारा. त्या ३० व्या मिनिटाला, १७ किलोमीटरवर छेदतात, म्हणजे कुर्ला सोडल्यावर घाटकोपरच्या अलीकडे. मग बीजगणितानं सोडवा, उत्तर तेच. दोन चलांतली समीकरणं पुढच्या वर्षी तिला येतील, तेव्हा छेदनबिंदू कशासाठी काढतात हा प्रश्न तिला पडणार नाही. कंट्रोलमध्ये कुणी सूत्र मांडत बसत नाही, वेळच नसतो. चार्टवर रेघ ओढायची आणि कुठली गाडी कुठं थांबवायची ते ठरवायचं.

उत्तर: दादर क्लास

मास्तरांबद्दल आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. आकृतीवर विसंबून राहणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, पाया आडवा आणि शिरोलंब आतच. विशालकोन त्रिकोणाचा शिरोलंब बाहेर पडतो हे त्यांना खरं वाटत नाही. त्यांनी जे काढलं ते एक उदाहरण, आणि ते त्यालाच नियम समजतात.

शिवाय आकृती उघड खोटं बोलू शकते. आठ बाय आठचा चौरस घ्या. त्याचे तीन आणि पाच रुंदीचे दोन भाग करा. तीनचा भाग कर्णावर कापला की दोन काटकोन त्रिकोण. पाचचा भाग तिरका कापून दोन समलंब चौकोन, समांतर बाजू तीन आणि पाच. हे चार तुकडे फिरवून पाच बाय तेराचा आयत जुळतो. चौरसाचं क्षेत्रफळ ६४, आयताचं ६५. डोळ्यांना सगळं चोख बसलेलं दिसतं. म्हणून मी मुलांना सांगतो की आकृती कल्पना सुचण्यापुरती, पुढचं काम चिन्हांचं.

उत्तर: परळचे मास्तर

सर, तुमचे दोन्ही मुद्दे मोलाचे आहेत, आणि दोन्ही मी वर्गात वापरतो.

६४ चे ६५ हा खेळ मी मुलांना मुद्दाम करू देतो. सगळे थक्क होतात. मग विचारतो, आयताच्या कर्णावरची ती रेघ खरंच एक सरळ रेघ आहे का? त्रिकोणाची तिरकी बाजू आठ जाताना तीन चढते, म्हणजे चढ ०.३७५. समलंबाची तिरकी बाजू पाच जाताना दोन चढते, चढ ०.४. दोन चढ वेगळे, म्हणजे ती एक रेघ नाहीच. मध्ये एक लांबट समांतरभुज चौकोन मोकळा राहतो, क्षेत्रफळ बरोबर एक. सेंटिमीटरच्या मापानं कापलंत तर ती फट सर्वांत रुंद जागीही जेमतेम एक मिलिमीटर भरते आणि कात्रीच्या चुकीत लपते. चौपट मोठ्या कागदावर करा, फट उघडी पडते. रेषेचा चढ हा धडा दहावीला पाठ करून घेतात. माझी सातवीची पोरं तो त्या फटीपाशी शिकली, आणि ‘बसल्यासारखं दिसतं’ आणि ‘बसतं’ यांत फरक असतो हेही तिथंच शिकली. मोजायचं कधी हे आकृती बघूनच कळतं.

त्रिकोणाचं तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे, पण तो दोष आकृती थिजलेली असण्याचा आहे. फळीवर ओळीनं खिळे ठोका, खालच्या दोन खिळ्यांना रबर लावा आणि वरचं टोक वरच्या ओळीतल्या खिळ्यांवरून एकेक सरकवत न्या. पाया तोच, उंची तीच, क्षेत्रफळ तेच, आणि टोक पायाच्या बाहेर गेलं की शिरोलंब बाहेर पडतो. मुलानं तो त्रिकोण स्वतःच्या हातानं काटकोनातून विशालकोनात नेलेला असतो, मग ते खरं का वाटणार नाही? पुस्तकात छापलेली आकृती हलत नाही, त्यामुळे एकच उदाहरण नियम होऊन बसतं. हलवता आली पाहिजे ही माझी पहिली अट असते.

चिन्हांचं काम आणि आकृतीचं काम असं मी वेगळं काढत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या ‘बीजगणिता’त कर्णाच्या वर्गाची, म्हणजे पायथागोरसच्या प्रमेयाची, उपपत्ती आहे, ती घ्या. काटकोन करणाऱ्या बाजू तीन आणि चार असलेले चार त्रिकोण असे गोलाकार लावा की त्यांचे कर्ण बाहेरच्या चौरसाच्या बाजू होतील. मध्ये एक चौरस मोकळा राहतो, बाजू चार वजा तीन, म्हणजे एक. चार त्रिकोणांचं क्षेत्रफळ चोवीस, मधला एक, एकूण पंचवीस, म्हणून कर्ण पाच. तीन-चारच्या जागी अ-ब घाला: २अब अधिक (ब − अ)चा वर्ग, बरोबर अ वर्ग + ब वर्ग. आकृती आणि अक्षरं इथं एकाच वाक्यात आहेत. (चाळीसगावला कधी गेलात तर पाटणचा शिलालेख जरूर बघा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची १२०७ ची नोंद दगडावर आहे. मी पोरांना घेऊन गेलो होतो, ती दगडासमोरून हलायला तयार नव्हती.)

उत्तर: ठिपके, माहीम

इथं सगळेच ‘दिसतं’, ‘बघा’ असं लिहितायत म्हणून लिहावंसं वाटलं. मी अंध मुलांना गणित शिकवते. आकार आणि जागा यांची जाण डोळ्यांवर अवलंबून नसते, हे माझ्यासमोर रोज घडतं.

आमच्याकडे अंकगणिताला टेलर फ्रेम असते. पाटीला अष्टकोनी भोकं, त्यांत धातूचे खिळे बसवायचे. खिळ्याच्या एका टोकाला सरळ कड, दुसऱ्या टोकाला दोन टोचे. कुठलं टोक वर आणि ते आठांपैकी कुठल्या दिशेला, यावर अंक ठरतो. म्हणजे आमच्या मुलांना अंक म्हणजे दिशा. ब्रेल पाटीवर ती उजवीकडून डावीकडे टोचत लिहितात, कागद उलटून डावीकडून वाचतात. आरशातली उलट प्रतिमा आठवीच्या मुलाला समजावताना इतर शाळांत खटपट पडते, माझी मुलं पहिलीपासून प्रत्येक अक्षर मनात उलटं करत आलेली असतात.

भूमितीला रबराची चटई, तिच्यावर कागद, आणि दातेरी चाक फिरवून रेघ. ती मागच्या बाजूला उठते, बोटांना लागते. ताई, तुमच्याकडे शिवणातलं दातेरी चाक असेलच. मुलीला एकदा डोळे मिटून त्रिकोण, समांतरभुज चौकोन बोटांनी ओळखायला लावा. डोळ्यांनी आकृती एका झटक्यात दिसते आणि मूल ‘कळलं’ म्हणून मोकळं होतं. बोटांनी कड धरून जावं लागतं: ही बाजू संपली, इथं वळण, हे वळण मघाच्यापेक्षा मोठं. कोन म्हणजे वळण, हे असं आपोआप येतं.

फ्रान्सचे गणिती बर्नार मोरां यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली होती. गोलाचा पृष्ठभाग न फाडता, कुठंही टोकदार घडी न पाडता, फक्त स्वतःतून आरपार जाऊ देऊन आतून बाहेर उलटवता येतो. हे कसं घडतं ते डोळस गणितींनाही डोळ्यांपुढं आणणं जड गेलं होतं. मोरां यांनी मधल्या टप्प्यांचे मातीचे नमुने करून दाखवले.

शिवणवाली, भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. सातवीचं पुस्तक घेऊन बाईंना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या, सूत्राची ओळ आधी असेल तर शेजारच्या आकृतीला माझी हरकत नाही. मागचा गुण वाढला नाही, पण मुलगी त्या दिवशी हसत घरी आली.

आयताचे अपूर्णांक तिला लगेच पटले. आता स्वतःच चार सप्तमांश आणि पाच नवमांश असले अपूर्णांक शोधून आणते आणि सात बाय नऊचे आयत भरते. छत्तीस चौकटी आणि पस्तीस चौकटी, एकाच चौकटीचा फरक निघाला तेव्हा मला हाका मारून स्वयंपाकघरातून बोलावलं. पट्ट्या आणि टिकल्या अस्तराच्या पुठ्ठ्यातून कापल्या. क्ष वर्ग + ५क्ष + ७ चा आयत होतच नाही म्हणून बराच वेळ भांडत होती, शेवटी तिनंच सांगितलं की सात टिकल्या एका ओळीतच लागतात आणि मग पट्ट्या आठ हव्यात, पाचात भागणार नाही. काकांचा लोकलचा आलेख भिंतीवर लावलाय, त्यात तिनं भांडुपला थांबणारी गाडीही घातली.

एक अडलंय. (क्ष − ५)च्या वर्गाची आकृती तिला काढता येत नाही. वजा क्षेत्रफळ कसं कापायचं, असं विचारते. मास्तर, सांगाल का?

परळचे मास्तर

ताई, वजा क्षेत्रफळ कापायचं नाही, घडी घालायची. तुमच्या हातातलंच काम आहे.

आधी आकड्यांनी. दहाचा चौरस घ्या, आणि आपल्याला हवाय (१० − ३)चा वर्ग. उजव्या कडेची तीन सेंटिमीटरची पट्टी आत दुमडा. शंभरातून तीस गेले. आता खालच्या कडेची तीनची पट्टी वर दुमडा, आणखी तीस वजा करायचे. समोर सात बाय सात उरलं, म्हणजे ४९, पण शंभरातून तीस आणि तीस काढले तर चाळीस येतात. हे नऊ कुठून आले असं तिला विचारा आणि थांबा, उत्तर सांगू नका. ती कागद उघडेल. खालचा उजवा कोपरा, तीन बाय तीनचा, दोन्ही घड्यांत सापडलाय हे तिला घडीच्या खुणांवर दिसेल. उजव्या पट्टीबरोबर तो एकदा वजा झाला, खालच्या पट्टीबरोबर पुन्हा एकदा. मुळात तो एकच होता, म्हणून एकदा परत मिळवायचा. १०० − ३० − ३० + ९. त्या कोपऱ्यावर दोन्ही दिशांनी तिरप्या रेघा मारायला सांगा, म्हणजे दोनदा झाकला गेलेला भाग ठळक होईल.

मग क्ष आणि ५: क्ष वर्ग − ५क्ष − ५क्ष + २५. शेवटचं चिन्ह अधिक का, याचं उत्तर तो कोपरा. हे जमलं की ९८ चा वर्ग तोंडी विचारा: शंभराचा चौरस, दोनच्या दोन पट्ट्या, दोनचा कोपरा. १०,००० − २०० − २०० + ४. आणि त्यानंतर (अ + ब)(अ − ब)कडे वळा. तिथं घडी पुरत नाही, कात्री लागते: अ बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यातून ब बाजूचा चौरस कापून टाका, उरलेला इंग्रजी एलच्या आकाराचा तुकडा एकाच कापात दोन आयत करून असा जोडा की एक मोठा आयत होईल. काप कुठं द्यायचा ते तिलाच शोधू द्या.